पावसाची खूण आणि विहिरीचे पाणी

(शेतकरी मेळाव्यात दिलेले भाषण)



पाऊस किती पडला हे आपण मोजतो. मंडळाच्या पर्जन्यमापकाचा आकडा वर्तमानपत्रात येतो. आपल्यापैकी काही जण शेतावरही पर्जन्यमापक ठेवतात. मृगात किती झाला, आर्द्रात किती, हत्तीने साथ दिली की नाही, हा हिशेब घराघरांत तोंडपाठ असतो. परंतु पडलेल्या पावसापैकी आपल्या विहिरीत नेमके कोणते पाणी आले, याचा हिशेब मात्र कोणाकडेच नसतो. विहिरीला पाणी लागले की झरा फुटला असे आपण म्हणतो. तो झरा यंदाच्या पावसाचा, वरच्या अंगाच्या पाझर तलावाचा, कालव्याच्या गळतीचा, की वर्षानुवर्षे खडकात साठून राहिलेल्या जुन्या पाण्याचा, हे पाण्याकडे पाहून सांगता येत नाही. चवीवरून कळत नाही आणि रंगावरूनही कळत नाही.

हा प्रश्न नुसत्या कुतूहलाचा नाही. विहीर आटली की आपण आडवे बोअर घेतो, मग उभे बोअर घेतो. दोनशे फुटांवर पाणी लागले नाही तर चारशे फुटांवर जातो. त्यासाठी कर्ज काढतो आणि त्या पाण्याच्या भरवशावर मोसंबी, डाळिंब किंवा ऊस लावतो. खाली लागलेले पाणी दर पावसाळ्यात भरून निघणारे असेल तर ती लागवड टिकेल. ते जुन्या साठ्याचे असेल तर दोन-तीन वर्षांत बोअर आटेल, बाग वाळेल आणि कर्ज मात्र राहील. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे आपण विसरलेलो नाही. पाणी कोठून येते हे माहीत नसताना ते किती दिवस पुरेल हे कसे सांगणार?

पाण्याची ही जात-कुळी ओळखण्याची एक शास्त्रीय पद्धत आहे. पावसाच्या पाण्यातच निसर्गाने एक खूण ठेवलेली असते. ती खूण गावोगाव मोजून तिचा नकाशा तयार केला, तर त्या नकाशाशी आपल्या विहिरीचे पाणी ताडून पाहता येते. या पद्धतीविषयी आज चार गोष्टी सांगणार आहे.

पाण्याचे सर्व कण सारख्या वजनाचे नसतात

पाणी हे हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांच्या संयोगातून बनते, हे आपण शाळेत शिकलो. परंतु ऑक्सिजनचे सर्व अणू सारख्या वजनाचे नसतात. बहुतेक अणू १६ वजनाचे असतात, काही थोडे १८ वजनाचे असतात. साधारणपणे दर पाचशे अणूंमागे एक अणू असा जड असतो. त्याचप्रमाणे हायड्रोजनचा नेहमीचा अणू १ वजनाचा, तर क्वचित एखादा २ वजनाचा असतो. या दुसऱ्याला ड्युटेरियम म्हणतात. तो सुमारे साडेसहा हजार अणूंमागे एक या प्रमाणात सापडतो. एकाच मूलद्रव्याच्या अशा वेगवेगळ्या वजनाच्या अणूंना समस्थानिके म्हणतात.

येथे दोन गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. पहिला असा की, समस्थानिक हा शब्द ऐकताच किरणोत्सर्गाची भीती वाटते. मी सांगितलेली समस्थानिके स्थिर आहेत. ती किरणे सोडत नाहीत, बदलत नाहीत आणि मुद्दाम पाण्यात टाकावी लागत नाहीत. ती मुळातच प्रत्येक पाण्यात असतात. दुसरा असा की, आपल्याकडे क्षाराच्या पाण्याला जड पाणी म्हणण्याची पद्धत आहे. ज्या पाण्यात डाळ शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही ते जड पाणी. या भाषणात 'जड' म्हणजे क्षारयुक्त नव्हे, तर ज्यात जड अणूंचे प्रमाण किंचित जास्त आहे असे पाणी. गोड पाणीही या अर्थाने जड असू शकते.

हे प्रमाण मोजण्यासाठी समुद्राच्या पाण्यावर बेतलेले प्रमाणित पाणी शून्य धरतात आणि नमुन्यातील फरक दर हजारी सांगतात. एखाद्या पाण्याचा ऑक्सिजनचा आकडा उणे ३ आला, तर त्यात समुद्राच्या पाण्यापेक्षा जड ऑक्सिजन हजारी तीनने कमी आहे असा त्याचा अर्थ होतो. आकडा जितका जास्त उणे तितके पाणी हलके. फरक अगदी लहान असतो, परंतु आधुनिक उपकरणांनी तो अचूक मोजता येतो.

उफणणीचा नियम

पावसाच्या पाण्यात ही खूण कशी उमटते हे समजण्यासाठी खळ्यावरची उफणणी डोळ्यांसमोर आणा. वाऱ्याला पाठी धरून आपण धान्य उपणतो तेव्हा भरलेला दाणा पायाशी पडतो, पोचट दाणा थोडा पुढे जातो आणि भूस लांब उडते. वारा एकच असतो, परंतु वजनाप्रमाणे वाटणी होते.

ढगांचेही असेच होते. समुद्रावरून वाफ उठते तेव्हा हलके कण सहज वर जातात आणि जड कण काहीसे मागे राहतात. म्हणून वाफ समुद्रापेक्षा हलकी असते. त्या वाफेचा पाऊस होताना याच्या उलट घडते. जड कण आधी थेंबात उतरतात. किनाऱ्यालगतच्या पहिल्या पावसात जड कण जास्त निघून जातात, उरलेला ढग आणखी हलका होतो आणि पुढे तो जो पाऊस देतो तोही हलका असतो. यातून तीन नियम निघतात.

१) समुद्रापासून आत जावे तसा पाऊस सामान्यतः हलका होत जातो.

२) डोंगर चढताना हवा थंड होते आणि जड कण आधी झडतात. त्यामुळे उंचावरचा पाऊस पायथ्याच्या पावसापेक्षा हलका असतो. जगात अनेक ठिकाणी केलेल्या मोजणीत दर शंभर मीटर उंचीमागे ऑक्सिजनचा आकडा हजारी पाव ते अर्ध्याच्या आतबाहेर घटलेला आढळतो.

३) उष्ण प्रदेशात संततधार मोठ्या पावसाचे पाणी हलके, तर तुरळक सरीचे पाणी जड असते. थोडा पाऊस कोरड्या हवेतून खाली येताना थेंबाचा काही भाग वाटेतच उडून जातो आणि जड भाग जमिनीवर पोहोचतो, हे त्याचे एक कारण आहे.

नकाशा कसा तयार झाला

ही मोजणी जगभर व्हावी म्हणून आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था आणि जागतिक हवामान संघटना यांनी मिळून पावसाच्या नमुन्यांचे एक जाळे उभारले. १९६१ पासून या जाळ्यात दर महिन्याच्या पावसाचे नमुने गोळा करण्यात येत आहेत. आपल्या देशातील नवी दिल्ली आणि मुंबई या ठिकाणांच्या जुन्या नोंदी त्यात आहेत. त्यांवरून दोन्ही शहरांतील फरक स्पष्ट दिसतो. समुद्राच्या काठी असलेल्या मुंबईच्या पावसाचा ऑक्सिजनचा सरासरी आकडा साधारण उणे १ ते २ च्या दरम्यान आहे. दिल्लीचा आकडा, जास्त पावसाला जास्त महत्त्व देऊन सरासरी काढली असता, उणे ५ ते ६ च्या दरम्यान येतो. दिल्लीला पोहोचणारे बरेचसे बाष्प बंगालच्या उपसागरावरून निघून गंगेच्या मैदानातून वाटेत पाऊस पाडत आलेले असते. जड दाणा वाटेत पडला, हलका पुढे गेला.

हॅरी क्रेग या शास्त्रज्ञाने १९६१ मध्ये आणखी एक महत्त्वाची गोष्ट दाखवून दिली. जगात कोठल्याही पावसाचा ऑक्सिजनचा आकडा घ्यावा, त्याला ८ ने गुणावे आणि त्यात १० मिळवावे, म्हणजे हायड्रोजनचा आकडा जवळजवळ मिळतो. कागदावर हे बिंदू मांडले की ते एका सरळ रेषेवर येतात. तिला पावसाच्या पाण्याची रेषा म्हणतात. भारतातील अनेक ठिकाणच्या पावसावरून २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आपल्या देशाची रेषा ८ ऐवजी ७.९३ आणि १० ऐवजी ९.९४ अशी आली, म्हणजे ती जगाच्या रेषेच्या अगदी जवळ आहे. ही रेषा ध्यानात ठेवा. विहिरीचे पाणी ओळखताना तिचा पुढे उपयोग होणार आहे.

नकाशा करताना जेथे मोजणी झाली त्या ठिकाणांचे आकडे मांडतात आणि मधल्या जागांचे आकडे उंची, अक्षांश, समुद्रापासूनचे अंतर यांच्या हिशेबाने भरतात. जमिनीच्या उंचीच्या नकाशावर जशा समान उंचीच्या रेषा असतात, तशा येथे समान खुणेच्या रेषा येतात. पावसाचे नमुने पुरेसे नसतील तेथे उथळ विहिरींचे पाणी तपासतात, कारण उथळ विहिरीत बहुधा स्थानिक पावसाचीच सरासरी उतरलेली असते. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी याच मार्गाने दक्षिण भारतातील आणि द्वीपकल्पाच्या मध्य भागातील उथळ भूजल तपासले. २००३ आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात अरबी समुद्राचा पाऊस आणि बंगालच्या उपसागराचा पाऊस यांचा कोठे किती प्रभाव आहे, याचा शोध घेण्यात आला आहे.

आपल्या भागाचा नकाशा अवघड का आहे

उफणणीचा नियम ऐकून असे वाटेल की, मुंबईपासून नागपूरपर्यंत आकडा एकसारखा उतरत जाईल आणि मोजण्याची गरजच नाही. प्रत्यक्षात तसे नाही. सह्याद्रीवर अरबी समुद्राचे ढग अडतात आणि महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर पूर्वेला फलटण-दहिवडीकडे तो पाचशे मिलिमीटरच्या आसपास येतो. परंतु सर्वच बाष्प घाटावर रिते होत नाही, बरेचसे पुढे निघून जाते. वाटेत ओल्या जमिनीतून आणि पिकांतून उडालेली वाफ त्यात मिसळते. विदर्भात आणि मराठवाड्याच्या पूर्व भागात बंगालच्या उपसागरावरून येणारे कमी दाबाचे पट्टे पाऊस देतात. म्हणजे मराठवाड्याच्या आभाळात दोन समुद्रांचे पाणी येते.

त्यातही हंगामानुसार बदल होतो. मृगाचा वळवासारखा गडगडाटी पाऊस वेगळा, जुलै-ऑगस्टची झड वेगळी आणि उत्तरा-हस्ताचा परतीचा पाऊस वेगळा. परतीच्या काळात उपसागराकडून येणारे पाणी सामान्यतः अधिक हलके असते. ही गोष्ट आपल्या फायद्याची आहे. सुरुवातीच्या आणि शेवटच्या पावसाची खूण वेगवेगळी असेल, तर विहीर कोणत्या पावसाने भरली हे ओळखता येते. आपल्या काळ्या जमिनीला उन्हाळ्यात मोठ्या भेगा पडतात. सुरुवातीचा जोराचा पाऊस या भेगांतून खाली उतरतो. पुढे जमीन फुगून भेगा मिटल्या की पाणी मुरण्याचा वेग एकदम कमी होतो आणि पाणी वाहून जाऊ लागते. म्हणून वर्षाची सरासरी पुरी झाली तरी विहीर भरेलच असे नाही. तिला कोणत्या नक्षत्राचे पाणी लागते हे कळले, तर ऑक्टोबरमध्ये रब्बीचे नियोजन अधिक जाणतेपणाने करता येईल.

अशा गुंतागुंतीमुळे दूरच्या दोन शहरांच्या आकड्यांवरून आपल्या तालुक्याचा आकडा काढणे धोक्याचे आहे. येथे अंदाज चालत नाही, स्थानिक मोजणीच लागते.

साठलेल्या पाण्याची निराळी खूण

आता मघाच्या रेषेकडे येऊ. पाऊस रेषेवर असतो. परंतु तेच पाणी तलावात, शेततळ्यात किंवा धरणात साठले आणि उन्हाने उडू लागले की हलके कण जास्त उडतात आणि मागे राहिलेले पाणी जड होत जाते. यावेळी ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांचे आकडे आठच्या पटीत वाढत नाहीत, साधारण चार ते सहाच्या पटीत वाढतात. त्यामुळे साठवणीच्या पाण्याचा बिंदू पावसाची रेषा सोडून बाजूला सरकतो. एप्रिल-मेमध्ये उथळ तलावाचा ऑक्सिजनचा आकडा शून्याच्या वरही जाऊ शकतो.

पाणी एकदा जमिनीत खोल मुरले की त्याचे बाष्पीभवन थांबते आणि ही खूण कायम राहते. त्यामुळे विहिरीतील पाण्याने वाटेत ऊन खाल्ले आहे की ते थेट पावसातून मुरले आहे, हे त्याच्या खुणेवरून सांगता येते. आपल्या राज्याचा सुमारे चार पंचमांश भाग बेसाल्टच्या, म्हणजे काळ्या पाषाणाच्या थरांनी व्यापलेला आहे. या खडकात पाणी वाळूतल्यासारखे सगळीकडे पसरत नाही. ते मुरमात, भेगांत आणि दोन थरांमधल्या सांध्यांत वाट काढत जाते. म्हणून एकाच बांधाच्या दोन बाजूंच्या विहिरींचे पाणी वेगळ्या ठिकाणचे असू शकते. वरून पाहून पाण्याची दिशा ठरविणे या खडकात फसवे ठरते, ते याच कारणाने.

विहिरीला हे कसे लागू पडते

पाझर तलाव आणि बंधारे : गावात पाझर तलाव झाला, नाल्यावर सिमेंट बंधारे झाले, खोलीकरण झाले. त्याचा लाभ कोणत्या विहिरीपर्यंत पोहोचला? नुसती पाण्याची पातळी मोजून याचे उत्तर मिळत नाही. त्या वर्षी पाऊस चांगला झाला म्हणूनही पातळी वाढू शकते. येथे खूण उपयोगी पडते. समजण्यासाठी एक हिशेब करू. तलावाच्या वरच्या अंगाला, जेथे तलावाचे पाणी पोहोचू शकत नाही, अशा विहिरीचा आकडा उणे ३ आहे. तलावाच्या पाण्याचा आकडा अधिक १ आहे. दोहोंमध्ये ४ चे अंतर आहे. खालच्या अंगाच्या एका विहिरीचा आकडा उणे १ आला, म्हणजे ती उणे ३ पासून २ ने सरकली. चारांपैकी दोन म्हणजे निम्मे. या विहिरीत सुमारे निम्मे पाणी तलावाचे आहे. दुसऱ्या विहिरीचा आकडा उणे ३ च राहिला असेल तर ती तलावाच्या कितीही जवळ असली तरी तिला तलावाचे पाणी मिळालेले नाही. हे आकडे केवळ उदाहरणाचे आहेत. तलावाचा आकडा महिन्यागणिक बदलतो, म्हणून तलावाचे नमुने अनेकदा घ्यावे लागतात. तरीही अशा तपासणीने लाभक्षेत्राची हद्द मापात येते. पुढचा बंधारा कोठे बांधावा आणि सामुदायिक खर्चात कोणी किती वाटा उचलावा, या गोष्टी मग तर्काने नव्हे तर पुराव्याने ठरविता येतात.

खोल बोअर : मे महिन्यात आणि पुन्हा ऑक्टोबरमध्ये विहीर आणि बोअर या दोन्हींचे नमुने घ्यावेत. उथळ विहिरीचा आकडा पावसाळ्यानंतर त्या वर्षाच्या पावसाकडे सरकला आणि बोअरचा आकडा जागचा हलला नाही, तर बोअरला यंदाचे पाणी पोहोचलेले नाही अशी शंका घ्यावी. बोअरची खूण आजच्या गावच्या पावसाशी कोठेच जुळत नसेल, तर शंका अधिक बळकट होते. तिची खात्री करण्यासाठी ट्रिटियम या किरणोत्सर्गी हायड्रोजनची तपासणी करतात. ट्रिटियम सुमारे १२.३ वर्षांत निम्मे होते, त्यामुळे पाणी गेल्या काही दशकांतले आहे की त्याहून जुने, हे कळते. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ मध्ये साठ मीटरपेक्षा, म्हणजे सुमारे दोनशे फुटांपेक्षा जास्त खोलीच्या विहिरीला 'खोल विहीर' म्हटले आहे. खालचा साठा भरून निघण्यास वेळ लागतो, हे लक्षात घेतले की अशा विहिरींकडे वेगळ्या नजरेने का पाहावे लागते ते समजेल. बँकेतील जुन्या ठेवीवर संसार चालविणे आणि पगारावर चालविणे, यात जो फरक आहे तोच येथे आहे.

कालवा आणि क्षार : जायकवाडीच्या डाव्या कालव्याचे पाणी छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी या जिल्ह्यांतून जाते. हे पाणी नाशिक-अहिल्यानगरकडच्या पावसाचे असते, शिवाय नाथसागराच्या पसरट जलाशयात उन्हात तापलेले असते. त्याची खूण कालव्याकाठच्या स्थानिक पावसाहून निराळी पडण्यास ही दोन कारणे आहेत. ती मोजून पाहिली तर लाभक्षेत्रातील विहिरींत कालव्याचा वाटा किती हे काढता येते. पाणी सुटले नाही त्या वर्षी कोणत्या विहिरी आधी आटतील याचाही अंदाज येतो.

क्षारपड जमिनीच्या बाबतीतही या तपासणीचा आधार होतो. पाणी जमिनीवरून किंवा उथळ साठ्यातून उडून क्षार वाढले असतील तर पाण्याची खूणही जड होते. क्षार वाढले परंतु खूण बदलली नाही, तर ते जमिनीतून विरघळून आलेले किंवा पिकांनी पाणी शोषून घेतल्यावर मागे राहिलेले असण्याचा संभव जास्त. मुळे पाणी घेताना जड-हलके असा भेद सहसा करीत नाहीत. सांगली-कोल्हापूरकडील उसाच्या पट्ट्यात क्षारपड जमिनीचा प्रश्न मोठा आहे. तेथे निचऱ्यावर भर द्यावा की पाण्याच्या पाळ्या कमी कराव्यात, हे ठरविताना मूळ कारण माहीत असलेले बरे.

मुळे असा भेद करीत नाहीत, या गुणाचा फळबागेच्या अभ्यासातही उपयोग झाला आहे. अमेरिकेतील युटा राज्यात ओढ्याकाठी वाढलेल्या मोठ्या झाडांच्या खोडातील पाणी तपासले, तेव्हा ती ओढ्याचे पाणी फारसे घेतच नाहीत, खालच्या थरातील पाण्यावर जगतात, असे १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळून आले. झाड पाण्याजवळ उभे आहे म्हणून ते तेच पाणी पिते असे नव्हे.

गौचरचा अनुभव

ही पद्धत प्रत्यक्ष कामाला आल्याचे एक चांगले उदाहरण आपल्याच देशात आहे. उत्तराखंडातील चमोली जिल्ह्यात गौचर परिसरातील डोंगरी झऱ्यांचे पाणी कमी होत चालले होते. झऱ्याला पाणी कोठून येते हे माहीत नसल्याने उपाय कोठे करावा हा प्रश्न होता. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी तेथील पाऊस आणि झरे यांचे नमुने तपासले. उंचीप्रमाणे पावसाची खूण बदलते, या नियमाचा आधार घेऊन झऱ्याचे पाणी डोंगराच्या कोणत्या उंचीवर मुरते ते त्यांनी काढले. त्या उंचीच्या पट्ट्यात पाणी अडविण्याची आणि मुरविण्याची कामे करण्यात आली. त्यानंतर झऱ्यांचा प्रवाह वाढला. हे काम २००८ मध्ये शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले आहे.

यातील मर्म असे की, झऱ्याजवळ खड्डे खणून उपयोग झाला नसता. पाणी जेथे निघते तेथे नव्हे, तर जेथे मुरते तेथे काम करावे लागते. सह्याद्रीच्या रांगांतील वाड्या-वस्त्या आजही झऱ्यांवर अवलंबून आहेत. चार महिने धो धो पाऊस आणि मार्चपासून हंडाभर पाण्यासाठी पायपीट, ही त्यांची स्थिती आहे. तेथे हा मार्ग अनुसरण्यासारखा आहे.

या तपासणीकडून काय अपेक्षा करू नये

कोणतीही नवी पद्धत आली की तिच्याविषयी भलत्या आशा निर्माण होतात. म्हणून काही गोष्टी स्पष्ट सांगतो.

१) या तपासणीने बोअर कोठे घ्यावे हे कळत नाही. त्यासाठी भूवैज्ञानिक सर्वेक्षणच करून घ्यावे.

२) पाणी पिण्यास किंवा ओलितास योग्य आहे की नाही, हे यातून कळत नाही. त्यासाठी नेहमीचे पाणी परीक्षण करावे.

३) एकट्या विहिरीचा एकच नमुना तपासून काहीही निष्पन्न होत नाही. पाऊस, तलाव, कालवा आणि निरनिराळ्या विहिरी, सर्वांचे आकडे शेजारी ठेवले तरच अर्थ लागतो. म्हणून हे काम एका शेतकऱ्याचे नाही, गावाचे किंवा पाणलोटाचे आहे.

४) दोन पाण्यांची खूण सारखीच असेल, तर त्यांच्यात भेद करता येत नाही. अशा वेळी क्षार, पातळी आणि तापमान यांची जोड द्यावी लागते.

५) तालुक्याच्या माती-पाणी प्रयोगशाळेत ही तपासणी होत नाही. रूरकीची राष्ट्रीय जलविज्ञान संस्था, भाभा अणुसंशोधन केंद्र, भौतिक संशोधन प्रयोगशाळा अशा संस्थांकडे त्यासाठीची उपकरणे आहेत. गावाची इच्छा असल्यास आपल्या जिल्ह्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या कार्यालयाशी किंवा कृषी विद्यापीठाशी आधी विचारविनिमय करावा. नमुने आधी गोळा करून मग कोणाला द्यायचे हे शोधीत बसू नये.

नमुना कसा घ्यावा

उपकरण कितीही चांगले असले तरी नमुना चुकला तर आकडा चुकतो. या कामात सर्वांत मोठा शत्रू बाष्पीभवन हा आहे. बाटलीत पाणी थोडे जरी उडाले तरी खूण बदलते. यासाठी पुढील काळजी घ्यावी.

१) पावसाचे पाणी स्वच्छ नरसाळ्यातून अरुंद तोंडाच्या भांड्यात घ्यावे. उघड्या परातीत किंवा बादलीत साठविलेले पाणी चालत नाही. पत्र्यावरून पागोळ्यांचे पाणी घेऊ नये.

२) रोज सकाळी साडेआठ वाजता पाऊस मोजून लगेच ते पाणी घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये ओतावे. पाऊस किती मिलिमीटर झाला ते त्याच वेळी वहीत लिहावे. मापाशिवाय नमुन्याची किंमत निम्मी होते, कारण सरासरी काढताना मोठ्या पावसाला जास्त वजन द्यावे लागते.

३) महिनाअखेर कॅन चांगला हलवून त्यातील पाण्याने लहान बाटली काठोकाठ भरावी. आत हवेचा बुडबुडा राहू देऊ नये. आतील बूच आणि वरचे झाकण अशा दुहेरी झाकणाची जाड प्लास्टिकची बाटली उत्तम. पातळ प्लास्टिकच्या जुन्या बाटल्या वापरू नयेत.

४) पावसाची बाटली पूर्ण कोरडी असावी. विहिरीच्या नमुन्याची बाटली त्याच विहिरीच्या पाण्याने तीन वेळा खळबळून घ्यावी.

५) विहिरीचा किंवा बोअरचा नमुना पंप पंधरा-वीस मिनिटे चालल्यावर घ्यावा. पाइपात उभे राहिलेले पाणी किंवा विहिरीच्या पृष्ठभागावरचे उन्हात तापलेले पाणी घेऊ नये.

६) बाटलीवर गाव, गट क्रमांक, तारीख, विहिरीची खोली आणि पाण्याची पातळी लिहावी. बाटल्या सावलीत ठेवाव्यात. या तपासणीसाठी पाण्यात आम्ल किंवा औषध घालण्याची गरज नाही.

७) कमीत कमी मे आणि ऑक्टोबर असे दोन वेळा, आणि एकच वर्ष नव्हे तर लागोपाठ दोन-तीन वर्षे नमुने घ्यावेत. एका वर्षाचा पाऊस हा नियम नसतो.

बंधू-भगिनींनो, देशातील अनेक संस्थांनी एकत्र येऊन आपल्या नद्या, पाऊस आणि भूजल यांच्या समस्थानिकांची पाहणी करण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम राबविला आहे. त्यातून देशाचे मोठे चित्र उभे राहिले. परंतु मोठ्या नकाशावर आपले गाव एका टिंबाएवढेही दिसत नाही. दोन केंद्रांमधली जागा हिशेबाने भरलेली असते, आणि आपली विहीर नेमकी त्या भरलेल्या जागेत असते. ही जागा खऱ्या आकड्यांनी भरण्यासाठी रोज सकाळी साडेआठला न चुकता पर्जन्यमापकाशी उभा राहणारा माणूस लागतो. तो माणूस शहरातून येणार नाही, तो गावचाच असावा लागेल. शाळेतील शिक्षक, पाणलोट समितीचा सदस्य, बचत गटाची भगिनी, कोणीही हे काम करू शकेल.

सुरुवात खर्चाने करू नका. या पावसाळ्यात गावात एक चांगला पर्जन्यमापक बसवा. वरच्या अंगाची एक, मधली एक आणि खालची एक अशा तीन विहिरी निवडून त्यांची पातळी दर पंधरा दिवसांनी लिहायला लागा. ही वही वर्षभर नीट चालली, तर त्या गावात समस्थानिकांचे नमुने घेण्याला अर्थ आहे. वहीच नसेल तर प्रयोगशाळेतून आलेला आकडा वाचायचा कशाच्या आधाराने? आणि पुढचे बोअर घेण्याआधी स्वतःला एवढे अवश्य विचारा : खाली जे पाणी लागेल, ते कोणत्या पावसाचे असेल?